लाल नळाचं गार पाणी

मे महिन्यात एक दिवस असा यायचा की बाबा बाथरूमबाहेरचा हीटरचा स्विच बंद करायचे, त्यावर काळी चिकटपट्टी आडवी लावायचे आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आजपासून लाल गार."

दुबईत राहणाऱ्याला हे समजावून द्यावं लागत नाही. गावाहून आलेल्या पाहुण्यांना मात्र दर वेळी समजवावं लागतं, आणि तरी ते पहिल्या दिवशी हात भाजून घेतातच. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात. निळ्या खुणेच्या नळाला, म्हणजे गार पाण्याच्या नळाला, जे येतं त्यात चहाची पत्ती टाकावी इतकंच बाकी असतं. पण वॉटर हीटर घराच्या आत असतो. आमचा बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या वर आहे, एसीच्या गारव्यात. तो बंद ठेवला की त्याच्या टाकीतलं पाणी हळूहळू निवतं. म्हणून उन्हाळ्यात गार पाणी हवं तर गरम पाण्याचा, लाल खुणेचा नळ सोडायचा. हवा बदलली, सकाळी गच्चीवर उभं राहवायला लागलं, की पट्टी काढायची, स्विच लावायचा आणि लाल पुन्हा गरम. वर्षातून दोनदा आमच्या घरात लाल-निळ्याचा अर्थ बदलायचा, आणि तो कधी बदलायचा हे फक्त बाबा ठरवायचे. कॅलेंडर बघून नाही. नळाखाली हात धरून.

हीटर त्यांनीच बसवलेला. बाबा इथे आले ते प्लंबरच्या हाताखालचा माणूस म्हणून. पहिली काही वर्षं सोनापूरच्या कामगारांच्या कॅम्पात काढली. तिथे उन्हाळ्यातली अंघोळ ही काय चीज होती ते त्यांनी कधी रडून सांगितलं नाही, हसूनच सांगितलं. लोक डब्यांत पाणी भरून खाटेखाली ठेवत, आणि सकाळी आपला डबा कोणी पळवला यावरून भांडणं होत. पुढे ते बिल्डिंग मेंटेनन्समध्ये फोरमन झाले, बर दुबई भागात कापडाच्या दुकानांमागच्या जुन्या बिल्डिंगीत हा फ्लॅट मिळाला, आणि त्यांनी आईला, भावाला आणि मला आणलं. आम्ही यायच्या आधी त्यांनी एका शुक्रवारी हीटर चढवला. एवढ्याशा बाथरूमला एवढा मोठा. मित्र म्हणाले, अरे, हॉटेल काढतोस की काय? बाबा म्हणाले, "फॅमिली येतेय."

तरी उन्हाळ्यात निवलेलं पाणी तीन अंघोळींपुरतंच असायचं. त्यानंतर टाकीत गच्चीवरचं कढत पाणी भरायचं आणि ते निवायला अर्धा दिवस जायचा. त्यामुळे नंबर ठरलेले होते. आधी मी, मग दादा, मग आई. बाबांचा नंबर नव्हताच. ते सकाळी निळ्या नळाचं घेऊन कामावर निघून जायचे. "मला गरमच बरं वाटतं," म्हणायचे, "अंग मोकळं होतं." जुलै महिन्यात!

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आई तेवढीही नाही. मी बाहेरून बी.कॉम. केलं, नोकरी करत केलं, आणि फर्स्ट क्लास मिळवला. हे मी कुठेही मोठ्याने सांगते. ऑफिसमध्ये लोकांना ते जरा गावंढळ वाटतं. वाटू दे. त्यांच्या घरात कोणी ना कोणी आधी शिकलेलं होतं, माझ्या घरात मीच आधी. परीक्षा उन्हाळ्यात असायच्या आणि पेपरच्या सकाळी टाकीतलं सगळं पाणी माझं. दादाने कुरकूर केली तर बाबा म्हणायचे, "तुझा पेपर असेल तेव्हा तू घे." दादाचा पेपर कधी आलाच नाही. तो शाळेपुढे शिकला नाही, आणि पुढे गावी परत गेला. आता त्याचं तिथे हार्डवेअरचं दुकान आहे, आणि चांगलं चालतं.

माझं लग्न झालं तरी फ्लॅट तोच राहिला. बाबा आमच्याकडे राहत नव्हते, आम्ही बाबांकडे राहत होतो. भाडं कोण भरतं याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आई गेली, बाबा रिटायर झाले, त्यांचा व्हिसा माझ्या नावावर आला, तरी मे महिन्यातली पट्टी त्यांचीच होती. माझी मुलगी तीन वर्षांची असल्यापासून त्यांच्या पाठोपाठ घरभर ओरडत फिरायची, "रेड इज कोल्ड! रेड इज कोल्ड!"

मग बाबा विसरायला लागले.

सुरुवात कशी झाली ते सांगता येत नाही. एके दिवशी क्रीक ओलांडायला अब्रात बसले आणि पलीकडे उतरायचंच विसरले. होडी परत इकडे आली, पुन्हा तिकडे गेली, हे बसलेलेच. होडीवाल्याने त्यांच्या खिशातल्या कार्डवर फोन लावला. मी ऑफिसमधून धावत गेले तर बाबा फळीवर बसून, पायाशी सांडलेलं पाणी बघत होते. मला म्हणाले, "बाय, ह्या होडीला कुठेतरी गळती आहे."

डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही सांगितलं. आम्ही दोघं नोकरीला, मुलगी शाळेत. दिवसा सोबतीला एक बाई ठेवली. बाबांनी तिला भाडेकरू समजून दारातच विचारलं, "बोलो मॅडम, कम्प्लेंट क्या है?" ती बिचारी म्हणाली, कम्प्लेंट काही नाही. तर हे म्हणाले, "फिर मेरा टाइम क्यों खराब करती हो?" आणि दार लावून घेतलं. दुसरी बाई जरा टिकली. तिने शहाणपणाने रोज एक कम्प्लेंट सांगायला सुरुवात केली, आणि बाबा दिवसभर तिच्या मागे पाना घेऊन सगळे नळ आवळत फिरायचे. आम्ही संध्याकाळी हसायचो. महिन्याभराने तिला दुसरीकडे चांगलं काम मिळालं आणि तीही गेली. मग आम्ही खाली नातूरला सांगून ठेवलं, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, की बाबा दिसले तर फोन कर.

नवरा तेव्हापासूनच म्हणत होता, "दादांकडे विचारायचं का?" मी म्हणायचे, "नाही." एवढंच बोलणं व्हायचं.

शनिवारची दुपार होती, जुलैमधली. मुलगी पोहण्याच्या क्लासहून आली, बाथरूममध्ये शिरली, आणि नेहमीसारखा लाल नळ पूर्ण सोडून हात कोपरापर्यंत खाली धरला. तिची किंकाळी मी स्वयंपाकघरात ऐकली. मी पोचायच्या आत बाबा पोचले होते. त्यांनी एका हाताने नळ बंद केला, पोरीला ओढत फ्रीजपाशी आणलं आणि पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या तिच्या हातावर रिकाम्या केल्या. तेव्हा त्यांच्या हालचालीत काही विसरल्याचं चिन्ह नव्हतं. हात लाल झाला होता. मनगटाच्या वर फोड उठायला लागला होता.

मग बाबांनी वळून स्विचकडे पाहिलं. स्विचचा दिवा लागलेला होता.

"हे कोणी लावलं?" बाबा ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "उन्हाळ्यात हात लावायचा नाही स्विचला, किती वेळा सांगितलंय! पट्टी कुठंय? पट्टी कोणी काढली?"

पट्टी त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला चिकटलेली होती. अर्धी दुमडलेली, काळी. मी पाहिली, नवऱ्याने पाहिली.

मुलगी हुंदके देत होती. तिनेही ती पट्टी पाहिली. नाक पुसून म्हणाली, "सॉरी आजोबा. इट वॉज मी."

"तू?" बाबांचा आवाज एकदम खाली आला. "अगं बाय, तू कशाला लावलास? तुला तर ठाऊक आहे."

"आय फरगॉट."

"असं विसरून कसं चालेल?" बाबा म्हणाले, आणि तिच्या हातावर फुंकर घालत बसले.

पुढच्या आठवड्यात हीटरचा माणूस बोलावला. त्याने वर डोकं घालून बघितलं आणि म्हणाला, थर्मोस्टॅट गेलाय, चालू केला की पाणी उकळेपर्यंत थांबत नाही. टाकीही गंजलीय. नवीन घ्या. टाकीवाला घ्या नाहीतर इन्स्टंट घ्या, पण हा आता नको.

नवरा म्हणाला, "इन्स्टंटच लावू. टाकीच नको. टेंपरेचर लॉक होतं, कोणी काही केलं तरी भाजणार नाही."

"मग उन्हाळ्यात गार पाणी कुठून यायचं?"

"बादल्या भरून ठेवू एसीत."

"बाबा बादली घेणार नाहीत. ते लाल नळ सोडणार. त्यांना आता नवीन काही सांगितलं तर राहत नाही डोक्यात. हे एकच राहिलंय."

"मग टाकीवाला घेऊ."

"आणि त्याचा स्विच लावला त्यांनी पुन्हा, तर?"

माझा नवरा वाईट माणूस नाही. बाबांची दाढी तोच करून द्यायचा. तो म्हणाला, "अगं, प्रश्न हीटरचा नाहीये."

"मला माहितीये प्रश्न कशाचा आहे."

"मग बोल ना. तिकडे अंगण आहे, वहिनी दिवसभर घरात असतात, शेजारी चारदा डोकावतात. इथे ते संध्याकाळपर्यंत एकटे. त्या दिवशी पोरीचा हात भाजला. उद्या..."

"उद्याचं उद्या," मी म्हटलं. "ज्या माणसाने मला इथवर आणलं त्याला मी पार्सल करून पाठवणार नाही."

"पार्सल कोण म्हणतंय?"

"तू म्हणत नाहीयेस. मी म्हणतेय. कारण तसंच होणार आहे ते."

तेव्हा माझ्या डोक्यात तो तोडगा आला, आणि खरं सांगते, मला त्याचा फार अभिमान वाटला. हीटर बदलायचाच नाही. फक्त त्याची वायर काढून टाकायची. टाकी राहील, त्यात पाणी निवत राहील, बाबा कितीही स्विच लावोत, काही होणार नाही. लाल गार ते गारच. बाबांना ठेवायचं तर हीटरने मरायला हवं होतं.

नवरा बाबांना क्रीकवर चहाला घेऊन गेला तेवढ्यात मी त्या माणसाला पुन्हा बोलावलं. त्याला आधी कळेचना.

"मतलब हीटर नहीं चाहिए, टंकी चाहिए?"

"हां."

"और ठंडी में?"

"ठंडी में देखेंगे."

त्याने खांदे उडवले, वायर सोडवली, टोकांना कॅप लावल्या, ती गुंडाळून वर ठेवली आणि सीलिंगचा चौकोन पुन्हा बसवला. बाहेरून काही दिसत नव्हतं. स्विच लावला की दिवा पूर्वीसारखाच लागायचा.

तो उन्हाळा चांगला गेला. बाबांनी मध्ये किती तरी वेळा पट्टी काढली, स्विच लावला, आणि लाल नळाला गार पाणी येत राहिलं. मुलीच्या हातावर पुसटसा डाग राहिला, पण ती पूर्वीसारखीच आजोबांच्या मांडीवर पाय टाकून टीव्ही बघायची. मी नवऱ्याला एकदा म्हटलं, "बघ." तो म्हणाला, "बघतोय."

नोव्हेंबरात एका सकाळी बाबांनी निळ्या नळाखाली हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि बाहेर येऊन स्विचवरची पट्टी नीट नखाने उचलून काढली, स्विच लावला. दिवा लागला. "आजपासून लाल गरम," ते म्हणाले.

बरोबर होतं. आदल्या रात्रीच हवा बदलली होती. मधल्या सगळ्या गोंधळानंतर त्यांनी दिवस अचूक ओळखला होता, आणि मला त्यांना शाबास म्हणता येत नव्हतं.

ते टॉवेल घेऊन आत गेले आणि लाल नळाखाली हात धरून उभे राहिले. दार उघडंच होतं. मी विचारलं, "काय झालं बाबा?"

"येईल आता. जुना आहे, वेळ घेतो."

मी किटलीत पाणी तापवलं, बादलीत ओतलं, म्हटलं, "हे घ्या, काढून ठेवलं होतं तुमच्यासाठी." त्यांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लाल नळ, पसरलेला हात, येईल आता. इथली थंडी काही फार नसते, पण म्हाताऱ्या माणसाला सकाळचं गार पाणी बोचतं. हात गारठून पांढरा पडायचा तरी काढायचे नाहीत. मी किटली घेऊन आले की माझ्याकडे बघून ओशाळं हसायचे. नळ काम करत नाही याची लाज त्यांना वाटत होती. पाहुण्यासमोर आपलं काही बिघडलं की वाटते तशी.

"बाय, मी बघतो आज," म्हणायचे. मग विसरायचे. ते विसरतात याचं त्या दिवसांत मला बरं वाटायचं.

एका रविवारी सकाळी मी उठले तर बाथरूममध्ये स्टूल, त्यावर बाबा. सीलिंगचा चौकोन काढलेला, हातात बॅटरी. मी ओरडले नाही, पडतील म्हणून. हळूच जाऊन स्टूल धरलं. त्यांनी वरूनच विचारलं, अगदी शांत आवाजात, "बाय, ही वायर कोणी काढली?"

"मी काढायला सांगितली."

"जळली होती?"

"नाही."

ते खाली उतरले. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. चष्मा पुसला, परत लावला. मुलगी दारात येऊन उभी होती, झोपेतून उठलेली, हाफ बाह्यांच्या टी-शर्टमध्ये. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात धरून उजेडाकडे वळवला आणि डागावर अंगठा ठेवला.

"हे मी केलं?"

"नो आजोबा. इट वॉज मी. आय टोल्ड यू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. चटकन, तिच्यासारखं. ती एवढीशी पोर दोनदा खोटं बोलली होती, आणि मला, एवढ्या बडबड्या बाईला, एकदाही जमलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्यांना हवं ते कळलं.

"चांगली पोर आहे," ते मला म्हणाले. "माझ्यासाठी खोटं बोलते." मग स्टूल उचलून जागेवर ठेवलं. "मला दादाकडे पाठव, बाय."

"बाबा, तसं काही..."

"तू नाही म्हणणार. म्हणून मी सांगतोय. मला कळतंय तोवर सांगतोय."

मुलीला मराठी सगळं समजतं, बोलत नाही एवढंच. ती त्यांच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. ते तिच्या केसांवरून हात फिरवत होते. नवरा अजून झोपलेला होता.

दुपारी जेवताना त्यांनी मला विचारलं, "गरम पाणी का येत नाही गं? आज बघतो मी." सकाळचं सगळं पुसलं गेलं होतं. स्टूल, वायर, डाग, सगळं. मी ताटात आमटी वाढत होते. त्यांचं ते बोलणं आता त्यांच्याकडे नव्हतं. ते माझ्याकडे आणि माझ्या मुलीकडे होतं. ते न ऐकल्यासारखं मला करता आलं असतं. ती तर त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा खोटं बोलली असती, मला खात्री आहे. किटली होती. हिवाळा निघाला असता. पुढच्या मेमध्ये मी पुन्हा जिंकले असते.

संध्याकाळी मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "कधीपासून सांगतोय तुला." मग माझा आवाज ऐकून म्हणाला, "रडू नको गं. बाप माझाही आहे."

दादा न्यायला आला. बाबांना वाटलं लीव्ह लागलीय. पूर्वी दोन वर्षांनी दोन महिन्यांची लीव्ह मिळायची, तशी. फार खुशीत होते. नातूरला जाऊन सांगून आले, पंप बिघडला तर कोणाला बोलवायचं. एअरपोर्टवर त्यांनी मला बाजूला घेतलं, खिशातून काळ्या पट्टीचं रीळ काढून माझ्या हातात दिलं. "मे आला की लाव," म्हणाले. "मी असेन तोवर परत. पण समजा विमानाला उशीर झाला."

मुलगी म्हणाली, "ओके आजोबा."

ते गेल्यावर हीटर तसाच पडून राहिला. आम्ही किटलीवर अंघोळी करत होतो, तिघं धडधाकट माणसं. हीटर मेला होता तो बाबांसाठी, आणि बाबाच नव्हते, तर आता तो मेलेला ठेवण्यात काय अर्थ होता? वायर जोडावी तर थर्मोस्टॅट गेलेला. बदलावा तर बाबांच्या हातचं शेवटचं काम घरातून जाणार. शेवटी जानेवारीत नवरा म्हणाला, "पोरीला सर्दी झालीय. मी माणूस बोलावलाय शनिवारी. तुला नको असेल तर परत पाठव त्याला." आणि मला न विचारता टाकीवालाच सांगितला होता, इन्स्टंट नाही.

माणूस आला, खोकं दारात ठेवलं. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. त्याला चहा दिला. खरं म्हणजे परत पाठवायच्या बेतात होते. तेवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. शनिवारी सकाळी तो करतोच.

गावाला अजून अंघोळीचं पाणी बंबात तापवतात. मागच्या पडवीत तांब्याचा बंब, त्याच्यासमोर पाटावर बाबा बसले होते. नारळाचं एकेक सोडण आत सारत होते आणि धूर डोळ्यांत गेला की मान फिरवत होते. चेहरा भरला होता. दादा म्हणाला, "सकाळी उठले की इथेच. कोणाला सांगावं लागत नाही. सगळ्या घराचं पाणी तेच तापवतात." छान दिसत होते. माझ्याकडे इतके छान शेवटचे कधी दिसले होते ते मला आठवेना.

"बाबा, बघा कोण आहे," दादा म्हणाला. "बाय आहे, दुबईहून."

बाबांनी फोन हातात घेतला, तोंडाजवळ आणला, निरखून बघितलं. आणि मग त्यांचा जुना, कामावरचा आवाज आला.

"बोलो मॅडम. कम्प्लेंट क्या है?"

"अहो बाबा, बाय..." दादा मागून म्हणाला.

"राहू दे दादा," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी बाबांशी हिंदीत बोलले. "गरम पानी नहीं आ रहा."

"हीटर कितना पुराना है?"

"बहुत पुराना. बीस साल के ऊपर."

"तो बदल दो ना मॅडम. अंदर कुछ बचा नहीं होगा." मग विचारलं, "लगाया किसने था?"

"मेरे बाबा ने."

त्यांनी मान हलवली. "अच्छा लगाया है. इतना कोई नहीं चलता." मग बंबाकडे बघत, घाईने, "अभी स्विच बंद रखो, हाथ मत लगाना. मैं आदमी भेजता हूँ. यल्ला, खलास." फोन दादाकडे दिला आणि पुढचं सोडण उचललं.

मी स्विच बंद केला. तो नुसता दिवा होता, तरी केला. मग त्या माणसाला म्हटलं, "निकालो."

त्याने टाकी उतरवायच्या आधी खालचा नट सोडवला, मी बादली लावली. पाणी तपकिरी होतं. एक बादली भरली, दुसरी भरली. मी त्या स्वतः उचलून मोरीत ओतल्या. रिकामी टाकी त्याने एकट्याने खांद्यावर घेतली, इतकी ती हलकी झाली होती.

नवीन हीटर दुपारपर्यंत लागला. लाल नळाला वाफाळतं पाणी आलं. मुलगी शिंकत येऊन बघून गेली. काळ्या पट्टीचं रीळ मी स्विचजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवलंय ते तिने बोटाने फिरवलं.

"मम्मा, इन मे, विल रेड स्टिल बी कोल्ड?"

"हो. टाकीवालाच घेतलाय."

"बट हू विल टेल अस व्हेन?"

मी नळ सोडून त्याखाली हात धरला. पाणी फार गरम होतं, त्यावरून मला काहीच कळलं नाही.